तीर्थनच्या पाण्यात फ्लाय फिशिंग : ट्राउट, असेला आणि नदी कोणाची हा प्रश्न

पाणथळ (धागाकर्ता)

हिमाचलवर इथे भरपूर लिहिलं गेलंय. पण कुल्लू जिल्ह्यातल्या बंजारच्या बाजूला जाणारे बहुतेक लोक जालोरी खिंड आणि सेरोलसर तलाव करून परततात. खाली तीर्थन नदी वाहते, तिच्या पाण्यात काय काय राहतं, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. मला फ्लाय फिशिंगचा नाद याच नदीने लावला, म्हणून हा धागा. मासेमारीबद्दल तो आहेच, पण त्याहून जास्त त्या डोंगराबद्दल आहे.

आधी जरा भूगोल. तीर्थनचा उगम ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या आत, पार वर बर्फाच्या बाजूला. गुशैणीला तिला फलाचन येऊन मिळते. मग नागिणी, बंजार करत ती लारजीपाशी उतरते, आणि सैंज व तीर्थन दोघी तिथे बियासला मिळतात. उद्यान १९९९ साली रीतसर जाहीर झालं आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. वरचं बरंचसं पाणलोट जंगलाखाली आहे. उंचावर भोजपत्र आणि खरसू ओक, त्याखाली मोहरू, देवदार, कैल, आणि अगदी पाण्याला लागून आल्डर. जमीन अशी धरून ठेवलेली असल्यामुळे पाऊस पडून गेला की तीर्थन लवकर निवळते. शेजारच्या सैंज खोऱ्यात पार्वती जलविद्युत प्रकल्प आला. तीर्थनवरचे प्रस्तावित वीजप्रकल्प मात्र लोकांनी थांबवले. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांनी त्यासाठी कोर्टापर्यंत लढा नेला. आज आपण तिथे होमस्टेच्या गच्चीवरून जे मोकळं पाणी बघतो, ते त्या लढ्याचं फळ आहे. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता फ्लाय फिशिंग. नेहमीच्या गळाला आमिष असतं, शिसं असतं, त्या वजनाने गळ लांब जातो. इथे गळावर दोरा, पिसं, केस गुंडाळून बनवलेला नकली कीटक असतो. त्यालाच फ्लाय म्हणायचं. त्याला वजन जवळजवळ नाहीच. म्हणून वजन लाइनमध्ये असतं. ती जाड लाइन रॉडने मागे झुलवायची, ती पूर्ण सरळ होईतो थांबायचं, मग पुढे सोडायची. हे हाताला बसतं. खरा वेळ लागतो तो मासा आत्ता काय खातोय हे ओळखायला, आणि इथेच गळ टाकणारा माणूस निसर्ग अभ्यासायला लागतो.

त्यासाठी आधी रॉड बाजूला ठेवून गुडघाभर पाण्यात एक दगड उलटायचा. तीर्थनमध्ये तुम्हाला त्याच्या खालच्या बाजूला चपटे, दगडाला चिकटून सरकणारे किडे दिसतील. बहुतेक वेळा शेवटाला तीन बारीक शेपट्या आणि पोटाच्या कडांना थरथरणारे कल्ले. ही मेफ्लायची पिल्लं. दोनच शेपट्या, अंगाने भरदार, पायाला दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय. आणि वाळूचे कण, बारीक खडे रेशमाने जोडून केलेल्या नळीत कोणी राहत असेल, तर ती कॅडिसची अळी. धबधब्याच्या तोंडाशी, जिथे पाय ठरत नाही अशा गुळगुळीत दगडावर, पोटाला सहा चूषक असलेली, डास-माश्यांच्या गणातली एक अळी असते. तिला बघायला मी तासन्‌तास घालवले आहेत. एवढ्या लोटात ती शेवाळ खात शांतपणे पुढे सरकते.

मेफ्लायचं आयुष्य सांगितल्याशिवाय राहवत नाही. महिनोन्‌महिने पाण्याखाली दगडाला धरून राहायचं. मग एका संध्याकाळी पृष्ठभागावर येऊन कात टाकायची, मळकट पंखांचा कीटक होऊन काठच्या आल्डरवर जाऊन बसायचं आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकायची. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा कीटकांचा हा एकच गण. प्रौढाला काम करणारं तोंड नसतं, तो काही खात नाही. हवेत जोडी जमते, अंडी पाण्यात पडतात आणि संपलं. पृष्ठभागावर येण्याच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात ट्राउट वेडा होतो. तुमच्या डबीत नेमका त्या मापाचा, त्या रंगाचा फ्लाय असेल तर ठीक, नाहीतर मासे तुमच्या पायाशी उसळत राहतात आणि गळाकडे ढुंकून पाहत नाहीत.

नदी वाचायची दुसरी खूण म्हणजे पक्षी. तपकिरी डिपर हा कबुतराहून लहान, गुबगुबीत पक्षी सरळ पाण्यात चालत जातो, तळाशी दगडांमधून कॅडिसच्या अळ्या वेचतो आणि वरच्या अंगाला बाहेर येतो. तो थंडीतच घरटं करायला घेतो, कारण तेव्हा पाणी कमी आणि नितळ असतं. बर्फ वितळून गढूळ लोट यायच्या आत पिल्लं वाढवून व्हायला हवीत. ज्या पट्ट्यात डिपर दिसतो तिथे तळाशी खाणं आहे, म्हणजे मासाही आहे. शेपटी सतत उघडमीट करणारा निळसर राखाडी थिरथिरा आणि पांढऱ्या टोपीचा थिरथिरा दर दुसऱ्या धोंड्यावर. संध्याकाळी निळ्या शीळकरी कस्तूराची शीळ पाण्याच्या आवाजावरही ऐकू येते. आपल्या ताम्हिणीत, आंबोलीत पावसाळ्यात ऐकतो त्याचाच हा भाऊबंद.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. या नदीत गळाला लागणारा ब्राउन ट्राउट हिमालयातला नाही. १८९९ मध्ये ट्राउटची अंडी विलायतेहून काश्मीरला पाठवली, ती वाटेत मेली. १९०० साली दुसरी खेप स्कॉटलंडहून आली ती जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेलने ती वाढवण्यात पुढाकार घेतला. तिथून १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती कुल्लूत आणली. पतलीकुहलचं ट्राउट केंद्र त्याच परंपरेतलं, पुढे १९८०च्या दशकाच्या शेवटी नॉर्वेच्या मदतीने ते वाढवलं गेलं.

आणि जो मूळचा इथला, तो असेला. हा गढवाल-कुमाऊंकडचा शब्द, इंग्रजी पुस्तकांत स्नो ट्राउट. ट्राउटशी त्याचं काही नातं नाही, तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. तोंड खाली वळलेलं, खालचा ओठ कडक, त्याने दगडावरचं शेवाळ खरवडतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो आज 'असुरक्षित' गटात आहे.

मी ज्या माशाच्या मागे इतका लांब जातो, तो या नदीतला उपरा आहे. आणि त्याच्याच पायी मला ही नदी, तिचे किडे, तिचे पक्षी कळले. या दोन्ही गोष्टींचं काय करायचं, यावर इथल्या जाणत्यांकडून ऐकायचं आहे.

काजवा

फार सुंदर लिहिलंय. दगड उलटायच्या परिच्छेदाला माझा दुजोरा. आम्ही काही मैत्रिणी पावसाळा सरल्यावर सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्ये हेच करतो. मेफ्लाय, कॅडिस आपल्याकडेही भरपूर आहेत, फक्त लोक बघत नाहीत. ओढ्यात वरून सांडपाणी आलं, की सगळ्यात आधी स्टोनफ्लाय जातात, मग मेफ्लायच्या नाजूक जाती, आणि उरतात ते लाल रंगाचे जंत आणि अळ्या. प्रयोगशाळा न लागता पाण्याची तब्येत सांगणारी ही पद्धत शाळांमधून शिकवायला हवी. एक विनंती: दगड उलटला तर तो होता तसाच, होता त्या बाजूने परत ठेवा. त्याखाली कोणाचं तरी घर असतं.

आणि शेवाळ खरवडणाऱ्या असेल्यावरून आठवलं, तेच काम आपल्या ओढ्यांमध्ये मळ्या करतो. छोटासा, पोटाशी चकतीसारखा ओठ असलेला, दगडाला चिकटून राहणारा. आपल्याकडच्या नद्यांवर कोणी बोलायला लागलं की महसीर या मोठ्या नदीतल्या माशापाशीच सुरू करतं आणि तिथेच थांबतं. मळ्याबद्दलही कोणीतरी लिहा.

भाट्याची_मीना

लेखन आवडलं, पण एक गोष्ट मनाला लागते ती स्पष्ट लिहिते. माझं माहेर मासेमारी करणारं. आमच्याकडे मासा पकडतात तो खायला किंवा विकायला. मासा पकडून, त्याच्या तोंडातून गळ काढून, फोटो घेऊन परत सोडणं याला खेळ म्हणायचं हे मला पटत नाही. त्या जिवाला दुखत नाही का? समुद्रात लहान पिल्लं जाळ्यात आली तर ती सोडून द्यायची ही रीत मला माहीत आहे, पण तिच्यामागे पुढच्या वर्षाचा विचार आहे. करमणुकीसाठी दमवणं वेगळं. पाणथळ, रागावू नका. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

पाणथळ

मीनाताई, रागवायचं काही कारणच नाही, हा प्रश्न प्रत्येक गळवाल्याने स्वतःला विचारायला हवा. मला पटलेलं सांगतो.

माशाला वेदना होतात असंच मी धरून चालतो. म्हणून माझ्या गळांना उलटा काटा नसतो, पक्कडने दाबून तो सपाट केलेला असतो. गळ क्षणात निघतो. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. शक्यतो मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. पाणी १९-२० अंशांच्या वर गेलं की ट्राउटला प्राणवायू कमी पडतो, अशा वेळी दमलेला मासा सोडला तरी मरतो, तेव्हा रॉड गुंडाळून ठेवायचा.

पण तुमचा मुद्दा याहून खोल आहे आणि तो मला मान्य आहे. म्हणूनच माझा स्वतःचा नियम सरळ आहे. ब्राउन ट्राउट परवान्यात बसेल तेवढा घ्यावा आणि खावा. तो तिथला नाही, नदीवर त्याचा भार कमी झाला तर बिघडत नाही. असेला चुकून लागला तर मात्र त्याला हात न लावता पाण्यातच सोडायचं. जगभरचे फ्लायवाले सगळंच सोडून देण्याला मोठेपणा मानतात. उपऱ्या माशाच्या बाबतीत मला त्यात अर्थ दिसत नाही.

भाट्याची_मीना

हे समजलं. खाण्यासाठी पकडलेला मासा आणि सोडायचा तो वेगळा, हा हिशोब आमच्याकडेही चालतो. धन्यवाद.

डोहकरी

मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवत नाहीये. "नदी कोणाची" हा प्रश्न हिमालयापुरता नाही. त्याचं सगळ्यात कडू उदाहरण आपल्या लोणावळ्यातून निघालेलं आहे, आणि आपल्याच लोकांना ते फारसं माहीत नाही.

कर्नल साईक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांवर लिहिलं. त्यात मुळा-मुठेच्या पाण्यातून त्याने टॉर खुद्री हा महसीर जगासमोर आणला. म्हणजे या माशाचं शास्त्रीय जन्मगाव पुणे! पुढे धरणं, सुरुंग लावून केलेली मासेमारी, नदीत टाकलेली विषं, यांनी महसीर कमी होत गेला. तेव्हा १९७०च्या दशकात टाटांच्या वीजकंपनीने लोणावळ्याला वळवण तलावावर त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू केलं. काम अतिशय कष्टाचं आणि मनापासून केलेलं होतं. मादीची अंडी आणि नराचं वीर्य हाताने काढून फलन करायचं, अंडी वाहत्या पाण्यात सांभाळायची, पिल्लं बोटाएवढी करायची. तंत्र जमलं, आणि पिल्लं देशभर पाठवली जाऊ लागली.

त्यातली काही कावेरीत गेली. कावेरीत आधीपासून वेगळा महसीर होता. पाठीवर उंचवटा, नारिंगी पर, वजन ५० किलोच्या वर जाणारा. जगभरचे गळवाले शंभर-सव्वाशे वर्षं त्याच्यासाठी कर्नाटकात येत होते. खुद्री तिथे पोचल्यावर काही दशकांत पारडं उलटलं. नव्या, निळसर पराच्या माशांची संख्या वाढत गेली आणि उंचवट्याचा महसीर दिसेनासा झाला. जे थोडे लागत ते मोठे, म्हातारे. पिल्लं लागतच नव्हती.

हे कळलं कसं, तर गळवाल्यांच्या नोंदींवरून. कावेरीकाठच्या गालिबोरे कॅम्पवर मासा पकडून सोडण्याची पद्धत होती, आणि रोजच्या रोज काय लागलं, किती वजनाचं, किती तास बसलो हे वहीत लिहिलं जात होतं. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा घसरण आकड्यांत दिसली. २०१८ मध्ये कावेरीतला तो महसीर म्हणजे टॉर रेमादेवी हे नक्की झालं आणि त्याच सुमारास तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. इतक्या प्रसिद्ध माशाची शास्त्रीय ओळख पटेपर्यंत तो संपत आला होता.

मीनाताईंना एवढंच सांगेन, पकडून सोडणाऱ्यांनी वह्या लिहिल्या नसत्या तर हे आपल्याला कधी कळलंच नसतं.

वेण्णाकाठ

डोहकरी, हे वाचून सुन्न झालो. लोणावळ्याच्या महसीर केंद्राबद्दल आजवर फक्त कौतुकच वाचलं होतं.

मी साताऱ्याचा. आमच्याकडे पावसाळ्यात धरणात, नदीत मत्स्यबीज सोडण्याचे कार्यक्रम होतात. पुढारी येतात, फोटो निघतात, लोकही खूश असतात. मग महसीर कृष्णेत सोडला तर तो बरोबर की चूक? तो तर इथलाच ना?

डोहकरी

चांगला प्रश्न. खुद्री कृष्णेच्या खोऱ्यातलाच आहे, त्यामुळे कावेरीसारखा घात होणार नाही. पण तरी मी आधी विचारीन की तिथला महसीर कमी का झाला? धरणाने त्याची वर जाण्याची वाट अडली असेल, अंडी घालायची गोट्यांची जागा वाळूउपशात गेली असेल, पाण्यात मैला येत असेल, तर सोडलेली पिल्लंही मरणार. कारण तसंच ठेवून बीज सोडत राहणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी ओतणं. शिवाय थोड्याशा जोड्यांपासून केंद्रात वाढवलेल्या पिल्लांमध्ये विविधता कमी असते, ती नदीतल्या शिल्लक माशांत मिसळते.

आणि महसीर ही त्यातल्या त्यात बरी बाजू. डासांसाठी सोडलेले गप्पी आणि गंबुसिया मासे विहिरींतून ओढ्यांत गेले, ते बेडकांची पिल्लं आणि इथल्या माशांची अंडी खातात. तिलापिया सगळ्या धरणांत. आफ्रिकन मागूर बंदी असूनही पाळला जातो आणि पुरात नद्यांमध्ये सुटतो.

चांगलं उदाहरण हवं असेल तर महाडजवळ वाळणकोंडला जा. काळ नदीच्या डोहात महसीर आहेत, देवीचे म्हणून त्यांना कोणी धरत नाही. कोणी बीज सोडलं नाही, कोणी केंद्र काढलं नाही. लोकांनी त्यांना त्रास दिला नाही आणि डोह टिकला, एवढंच झालंय तिथे.

दक्षिणद्वीप

न्यूझीलंडहून लिहितोय. इथे फ्लाय फिशिंग जवळजवळ धर्म आहे, आणि इथलाही ब्राउन ट्राउट उपराच. विलायतेहून टास्मानियात नेलेल्या माशांची अंडी १८६७ मध्ये इथे आली. आज दक्षिण बेटावरच्या नद्यांत मोठमोठे ट्राउट आहेत, जगभरचे लोक त्यासाठी येतात. त्याची किंमत इथल्या गॅलॅक्सिड नावाच्या बिनखवल्यांच्या छोट्या माशांनी मोजली. बऱ्याच ओढ्यांत ते आता फक्त धबधब्याच्या वरच्या अंगाला उरलेत, जिथे ट्राउट चढू शकत नाही.

इथे एक चांगलं शिकलो ते सांगतो. २००४ मध्ये इथल्या एका नदीत डिडिमो हे परकं शेवाळ सापडलं. दगडांवर गोधडीसारखा थर धरतं, आणि ते गळवाल्यांच्या ओल्या बुटांतून एका नदीतून दुसऱ्या नदीत जाऊ शकतं. २००८ पासून नमद्याचे तळ असलेल्या बुटांवर बंदी आली. प्रत्येक नदीनंतर सामान तपासायचं, धुवायचं, पूर्ण वाळवायचं, हा नियम लहान मुलांनाही पाठ आहे. तुम्ही तीर्थनहून सैंजला किंवा परत सह्याद्रीत तेच बूट घालून उतरत असाल तर हे नक्की करा. परकी गोष्ट आपण हाताने सोडतो तशीच बुटाच्या शिवणीतूनही सोडतो.

रानवाट

सामानाबद्दल कोणी सांगेल का? भारतात मिळतं का? आणि फ्लाय स्वतः बांधायचे असतील तर पिसं कुठून आणायची? आमच्याकडे कोंबड्या आहेत, ती चालतील?

पाणथळ

दक्षिणद्वीप, बुटांचा मुद्दा फार महत्त्वाचा. मी बूट कडक उन्हात वाळवतो, पण यापुढे धुणंही ठरवून करेन.

रानवाट, तीर्थनसाठी ८.५ ते ९ फुटी, ४ किंवा ५ नंबरचा रॉड पुरतो (नंबर म्हणजे तो किती वजनाच्या लाइनसाठी आहे ते). त्याच नंबरची तरंगती लाइन घ्या. वरच्या अंगाला ओढे अरुंद आहेत, मागे झाडं असतात, तिथे लाइन मागे झुलवायला जागा नसते. म्हणून रोल कास्ट आधी शिका, मागे न नेता पाण्यावरूनच लाइन पुढे गुंडाळत टाकायची. लांब फेकण्याचा हट्ट सोडा. डोंगरी नदीत मासा मोठ्या धोंड्याच्या मागच्या शांत खिशात असतो, बहुतेक वेळा तुमच्यापासून चार-पाच मीटरवर. प्रवाहाच्या खालच्या बाजूने, वाकून, सावली पाण्यावर न पाडता जायचं. मासा तोंड प्रवाहाकडे करून असतो, त्याला मागचं कमी दिसतं.

फ्लाय कीटकासारखा दिसण्यापेक्षा कीटकासारखा वाहणं जास्त महत्त्वाचं. प्रवाहाने लाइन ओढली आणि फ्लाय पाण्यावर रेघ काढत गेला, की मासा तळाला जातो. पृष्ठभागासाठी एल्क हेअर कॅडिस आणि अॅडम्स, पाण्याखाली फेझंट टेल निम्फ, या नावांचे फ्लाय वेगवेगळ्या मापांत एवढे ठेवले तरी हंगाम निघतो.

पिसांबद्दल: घरच्या कोंबड्याच्या मानेची पिसं उत्तम. मात्र जंगलातलं पीस उचलू नका, आणि रानपक्ष्यांच्या पिसांच्या वाटेला जाऊ नका. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाच्या थेंबासारखे पिवळसर ठिपके असलेली पिसं असतात. विलायतेतल्या सामन माशांच्या फ्लायना हीच पिसं लागत, आणि त्यासाठी त्याची कातडी इथून खोक्यांनी जात होती. पुढे भारतातून निर्यात बंद झाली आणि तिकडे ते पक्षी पिंजऱ्यात वाढवायला लागले. ट्राउट तिकडून इकडे आला, रानकोंबडा इकडून तिकडे गेला. नदीचा इतिहास असा डोंगरातल्या कोंबड्यापर्यंत जाऊन पोचतो.

काजवा

रानकोंबड्याचं हे मला अजिबात माहीत नव्हतं. आंबोलीत पहाटे त्याचं आरवणं ऐकताना आता हे आठवणार.

देहूकर_विठ्ठल

सगळा धागा वाचला. मी इंद्रायणीकाठचा. आमच्या लहानपणी डोहात मोठे मासे भाविकांच्या हातचे चुरमुरे खायला यायचे, आता पाण्याचा रंग बघून पाय घालवत नाही. महसीर वाचवायचा म्हणजे केंद्रात पिल्लं वाढवायची, एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. डोहकरीताई, तुम्ही म्हणता ते खरं असेल तर आमच्या नदीत मासा सोडण्याआधी मैला थांबवायला हवा, आणि त्यासाठी कोणाचा फोटो निघत नाही. तरी गावात बोलतो. काजवा, ते किडे बघून पाणी ओळखायचं आम्हाला शिकवाल का? शाळेतली पोरं घेऊन येतो.

काजवा

काका, नक्की. पावसाचं पाणी ओसरलं की येऊ. वरच्या अंगाला, गावाच्या आधी एक जागा आणि गावाच्या खाली एक जागा, अशा दोन ठिकाणी बघू. पोरांना फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. निरोप पाठवते.

वेण्णाकाठ

पाणथळ, मूळ प्रश्नाला तुमचं उत्तर राहिलं. एवढं सगळं ऐकल्यावर तीर्थनमध्ये ट्राउट सोडत राहावा की नाही?

पाणथळ

माझं मत आता पक्कं झालंय. जो ट्राउट शंभर वर्षांत तीर्थनमध्ये रुजला, थंडीत गोट्यांत अंडी घालून स्वतः वाढतो, तो काढणं कोणाच्या हातात नाही. त्याच्यामुळे परवान्याचे पैसे येतात, पर्यटक येतात, गावांचं पोट त्यावर आहे, आणि नदीत सुरुंग किंवा ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांवर लक्ष ठेवायला लोक तयार होतात. हे सगळं खरं आहे. पण केंद्रात वाढवलेला ट्राउट नव्या ओढ्यांत, अजून न पोचलेल्या वरच्या पाण्यात सोडणं बंद व्हायला हवं. तो असेल्याचं खाणं पळवत नाही, एक शेवाळ खातो, दुसरा किडे. पण तो असेल्याची पिल्लं खातो. डोहकरींनी सांगितलेल्या कावेरीच्या गोष्टीनंतर यावर मला शंका उरलेली नाही. तळ्यात, टाक्यांत पाळून विकायचा ट्राउट वेगळा, तो जरूर वाढवा, फक्त पुरात नदीत सुटणार नाही अशी सोय करा. २०२३ च्या जुलैमध्ये कुल्लूत जो पूर आला तो बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि खाली लारजीला बियासवर १२६ मेगावॉटचं धरण आहे. त्यामुळे खालून वर येणाऱ्या माशांची वाट तिथेच अडते. असेला थंडीत खाली उतरतो, उन्हाळ्यात वर चढतो. त्याला ट्राउटपेक्षा मोठा अडथळा भिंतीचा आहे. तेव्हा तीर्थन मोकळी राहणं हीच त्याच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट.

डोहकरींच्या वहीच्या मुद्द्यावरून ठरवलंय, आम्ही जे मराठी लोक तिथे जातो त्यांनी एकसारखी नोंद ठेवायची. तारीख, नदीचा पट्टा, सकाळ-संध्याकाळचं पाण्याचं तापमान, दगडाखाली काय मिळालं, कुठला कीटक वर आला, काय लागलं, अंदाजे लांबी, असेला की ट्राउट, आणि किती तास काहीच लागलं नाही. हा शेवटचा रकाना सगळे गाळतात, पण तोच सगळ्यात कामाचा.

डोहकरी

शेवटच्या रकान्यासाठी खास धन्यवाद. तास लिहिलेले नसतील तर आकड्यांचा काही उपयोग होत नाही. असेल्याचा फोटो पाण्यातच, बाजूने, मोजपट्टीसकट घ्या. मी तक्ता करून इथेच टाकते.

रानवाट

मी येणार. परवाना कुठे मिळतो आणि कधी यायचं?

पाणथळ

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून, रोजचा मिळतो. होमस्टेवालेही मदत करतात, पण पावती स्वतःच्या नावाची घ्या आणि त्यावरची मर्यादा वाचा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, गुशैणीच्या वर जाताना हद्द कुठे आहे ते विचारून घ्या. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या प्रजननाचा काळ, मासेमारी बंद. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी लाल, जाऊच नका. पहिल्यांदा येत असाल तर सप्टेंबरच्या शेवटी या, पाणी निवळलेलं असतं आणि संध्याकाळी कॅडिस भरपूर वर येतो. थर्मामीटर आणा, इतर सामान माझ्याकडे जास्तीचं आहे.